भंडारा चाळणारं घड्याळ

खडकमाळला खंडोबाच्या यात्रेत बैलगाडा किती सेकंदांत घाट चढला यावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी शेताच्या बांधावरूनही झाली नसतील. बांध निदान दुसऱ्या दिवशी जागेवर सापडतो. सेकंद एकदा गेला की गेला, मग ज्याचा आवाज मोठा त्याचा सेकंद खरा. यंदा मात्र यात्रा कमिटीने पंचांच्या हातातली घड्याळं पेटीत घातली आणि गेणभाऊंच्या तेजस्विनीने बनवलेलं घड्याळ घाटात लावलं.

तेजस्विनी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायची. घड्याळ म्हणायचं ते आपलं सोयीपुरतं. घाटाच्या पायथ्याला एक आणि वर निशाणापाशी एक असे दोन लेसरचे किरण, मांडवात टेबलाखाली तिचा सर्व्हर आणि समोर ट्रॉलीवर उभा केलेला भलामोठा बोर्ड. बैलांनी खालचा किरण तोडला की वेळ सुरू, वरचा तोडला की बंद. बोर्डावर आकडा यायचा आणि तोच आकडा मुंबई-ठाण्यात बसलेल्या खडकमाळकरांच्या मोबाइलवरही जायचा. पुढे धावणारी घोडी कुठली, मागचे बैल कुठले आणि मध्येच हौसेने पळालेलं कुत्रं कुठलं, हे सगळं तो प्रोग्राम ओळखायचा.

त्यातला एक तुकडा तिच्या विशेष अभिमानाचा होता. त्याचं नाव तिने चाळण ठेवलं होतं. बारी सुटली, म्हणजे एखादा गाडा घाटात पळायला निघाला, की लोक मुठीमुठीने भंडारा उधळतात, आणि भंडाऱ्याचा कणन्‌कण किरण तोडतो. पुण्यातल्या हुशार माणसाला हे कधी सुचलं नसतं. तिला सुचलं, कारण ती खडकमाळची होती. किरण तुटला की आधी चाळण बघायची, हा बैल आहे की भंडारा. भंडारा असेल तर सोडून द्यायची. तिने ती घरी बसून नीट तपासलीही होती. फक्त आईच्या डब्यातली हळद ती मूठभर घ्यायला गेली तेव्हा आईने हातावर चापट मारली होती, म्हणून तपासणी चिमटीने झाली. चिमटीने तपासलं आणि यात्रेत भंडारा आला पोत्याने. पुढचं सगळं रामायण या चिमटीमुळे घडलं.

एवढा खटाटोप पोरीने गावाच्या भल्यासाठी केला असं कमिटीला वाटत होतं. तसं नव्हतं. तिने तो स्वतःच्या लग्नासाठी केला होता.

लग्न वैशाखात ठरलं होतं. मुलगा जुन्नरचा, ऋतिक नावाचा, चांगला होता. चांगल्या माणसाविषयी जास्त सांगण्यासारखं नसतं. अडलं होतं ते मामावर. नवरी बोहल्यावर उभी राहिली की तिच्या पाठीशी मामा उभा लागतो. तेजस्विनीला मामा एकच, निरगुडसरचा सावळेराम, आणि त्याने चार वर्षांत गेणभाऊंचा उंबरा ओलांडला नव्हता.

बैलगाड्याला चार बैल लागतात. पूर्वी त्यातले दोन गेणभाऊंचे असत आणि दोन सावळेरामचे. दाजी-मेव्हण्यांचा गाडा म्हणून आख्ख्या तालुक्यात त्याचं नाव होतं. शर्यतींवरची बंदी उठल्यावर खडकमाळला जी पहिली यात्रा भरली, तिच्या फायनलला हा गाडा असा काही सुटला की माणसं श्वास घ्यायची विसरली. पंचांनी घड्याळ बघून वेळ चिठ्ठीवर लिहिली, चिठ्ठी पुकारणाऱ्या हौशीरामतात्यांच्या हातात गेली आणि तात्यांनी मायकावर पुकारलं, बारा बावीस, म्हणजे बारा सेकंद आणि वर बावीस शतांश. गाडा पार मागे पडला. सावळेराम पंचांच्या खांद्याशीच उभा होता. तो म्हणाला, म्या डोळ्यांनी बगितलं, अकरा बावीस व्हतं. तोवर पंचांनी घड्याळ पुढच्या बारीसाठी शून्यावर आणलेलं आणि चिठ्ठीचा पत्ता नव्हता. गेणभाऊ त्या साली कमिटीत. आपल्याच गाड्याची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये म्हणून ते इतके ताठ झाले, की मायक ओढून चार गावांपुढे बोलून गेले, "सावळेराम, खोटं बोलू नगंस."

सावळेरामने आपले दोन बैल सोडले आणि निरगुडसरपर्यंत चालवत नेले. त्यानंतर भाऊबिजेला मंगल, म्हणजे तेजस्विनीची आई, एकटीच माहेरी जाऊन भावाला ओवाळून यायची. दोन्ही घरांत त्यावर कुणी बोलत नसे.

लग्नाची पहिली पत्रिका ओझरच्या विघ्नहरापुढे ठेवून झाली होती. दुसरी मामाची. ती मुलीच्या बापाने स्वतः जाऊन हातात द्यायची असते. गेणभाऊ रोज सकाळी म्हणायचे उद्या जातो, आणि रोज त्यांना कांद्याला पाणी द्यायचं असायचं. पत्रिका पंधरा दिवस देव्हाऱ्यात पडून होती.

म्हणून तेजस्विनीने मामाला फोन केला, पत्रिकेविषयी अवाक्षर न काढता. यंदा आमच्या यात्रेला गाडा आणा म्हणाली. मामा म्हणाला, तुमच्या पंचांच्या घड्याळावर माझा इश्वास न्हाई. तिने यंत्राचं सांगितलं. तेव्हा मामा म्हणाला, "यंत्राला ना सासर ना म्हायेर. यंत्र असंल तर येतो." तिचा हिशेब साधा होता. मामा एकदा खडकमाळच्या घाटात उभा राहिला आणि त्याच्या गाड्याची वेळ कुणाला खोटी म्हणता आली नाही, की पहिली गाठ सुटेल. बाकीच्या गाठी आईच्या पुरणपोळीवर सोडायच्या.

यात्रेच्या दिवशी सकाळी आठला पहिली बारी सुटली आणि घड्याळ असं चाललं की म्हाताऱ्या पंचांनीही मान डोलावली. सव्विसाव्या बारीला बैल निशाणावर आले, भंडारा उडाला आणि बोर्ड काळा पडला. तेजस्विनीने सर्व्हर पुन्हा सुरू केला. पुन्हा वीस बाऱ्या झाल्या आणि पुन्हा काळा. तिसऱ्या खेपेला तर बाराव्याच बारीला तो झोपला. मधल्या तीन गाड्यांची वेळ पंचांना पेटीतली घड्याळं काढून घ्यावी लागली, आणि ती काढताना त्यांच्या तोंडावरचा आनंद काही लपला नाही. बाभळीच्या सावलीत पिकअपमध्ये मामाचे बैल उभे होते. मामाची बारी त्रेसष्टावी. तो मांडवापाशी आला, बोर्डाकडे बघितलं, भाचीकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, देवाचा निवद होस्तवर थांबतो, मग हातातलं घड्याळ असंल तर बैल घेऊन जातो. भांडला असता तरी बरं वाटलं असतं.

अठ्ठावन्न बाऱ्या झाल्यावर नैवेद्यासाठी घाट थांबला. दीड तास मिळाला. लोक जेवायला गेले आणि तेजस्विनी टेबलाखालून सर्व्हर वर घेऊन बसली.  तिला रडायला येत होतं, पण रडायला दीड तासातून वेळ काढावा लागला असता.

सर्व्हर मरताना एक चिठ्ठी मागे ठेवून मरतो. मी कुठे होतो, काय करत होतो, असं त्यात लिहिलेलं असतं. तिन्ही वेळच्या चिठ्ठ्या तिने उघडल्या, आणि तिन्हीत शेवटचं नाव एकच होतं: चाळण. तिने चाळणीची ओळन्‌ओळ वाचली. चूक नव्हती. मग तिच्या लक्षात आलं की तिसऱ्या खेपेला बोर्ड लवकर का झोपला. त्या बाऱ्यांमध्ये दोन नावाजलेले गाडे पळाले होते आणि त्यांच्यावर पोती रिकामी झाली होती. जेवढा भंडारा जास्त, तेवढं मरण लवकर. तिने मोबाइलवर शोधलं तेव्हा कुठल्याशा थंड देशातल्या माणसाने असंच रडगाणं जानेवारीत गाऊन ठेवलेलं सापडलं. दोष तिच्या लिहिण्यात नव्हता, प्रोग्राम चालवणाऱ्या रनटाइममध्येच होता. खाली उत्तर होतं की पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होईल. पुढची आवृत्ती पावसाळ्यात येणार होती.

गेणभाऊ पत्रावळी घेऊन आले, जेवून घे म्हणाले. तिने सांगितलं की भंडारा कमी उधळला तर घड्याळ टिकेल. गेणभाऊंनी पत्रावळी टेबलावर ठेवली. "खंडोबाच्या यात्रंत भंडारा उधळू नका म्हणून सांगू? मंग ऱ्हायला कुठं जायचं आपुन?" ते काही चुकीचं बोलत नव्हते. दर दहा बाऱ्यांनी सर्व्हर बंद करून सुरू करावा म्हटलं, तर त्यात इतका वेळ जात होता की शेवटची बारी अंधारात पळाली असती. शेवटी तिने रनटाइममधला कंपायलर, म्हणजे सारखं लागणारं काम झटपट उरकणारा भाग, तोच बंद करून पाहिला. त्याने सर्व्हर मरायचा थांबला, पण सगळंच इतकं मंद झालं की एका बारीचा आकडा बोर्डावर येईपर्यंत पुढची बारी निशाणावर आली असती. ठाण्याहून एका काकांचा लगेच फोन आला की मोबाइलवर सगळं अडकलंय.

मांडवात तेव्हा हौशीरामतात्या आणि त्यांची बायको बयाबाई दोघंच होती. तात्या चाळीस वर्षं घाटात पुकारत होते. गाडामालकांची नावं, बैलांची नावं, कुणाच्या आज्याने कुठला घाट मारला होता, सगळं त्यांच्या जिभेवर. अलीकडे मात्र एक विचित्र सवय लागली होती. सगळं धडाधडा बोलायचे, आणि वेळेचा आकडा आला की अडखळायचे. बयाबाई शेजारी उभी राहून म्हणायची, वाचून बोला. मग तात्या एकेका आकड्यावर बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखे वाचायचे. म्हाताऱ्याची नजर गेली, असं लोक म्हणायचे आणि हसायचे.

तात्यांनी विचारलं, काय झालंय तरी काय यंत्राला. तेजस्विनीला सांगायचं नव्हतं, पण बोलल्याने डोकं ताळ्यावर येतं म्हणून ती बोलली. "तात्या, मी लिहून दिलेलं हा सर्व्हर आधी ओळ ओळ वाचून करतो. हळू करतो, पण बरोबर करतो. एकच काम दहा हजार वेळा झालं की त्याच्यातला कंपायलर नावाचा एक जण म्हणतो, आता वाचायचं कशाला, पाठ झालंय. मग पाठ म्हणत धडाधडा सुटतो. बाकी सगळं तो बरोबर पाठ करतो. ही भंडारा चाळायची ओळ तेवढी चुकीची पाठ करतो, आणि चुकला की सगळ्यांना घेऊन खाली बसतो."

 तात्यांच्या हातातली सुपारी तोंडात टाकायची ती तशीच राहिली. त्यांनी विचारलं, "पाठ झाल्यावर कागदाकडं बगतच न्हाई?"

ती म्हणाली, नाही बघत.

"मंग येवढं येकच त्याला पाठ करू दिऊ नगंस," तात्या म्हणाले. "बाकीचं करू दे की खुशाल. येवढं वाचूनच कर म्हणावं."

तेजस्विनीने कपाळावर हात मारला. एवढी शिकलेली पोरगी, पण घाबरलेलं माणूस एकतर सगळं करतं नाहीतर काहीच करत नाही. तिने आख्खा कंपायलर बंद करून पाहिला होता. एका चाळणीपुरता त्याचा हात धरता येतो हे तिला माहीत होतं, कुठेतरी वाचलेलंही होतं, आणि या दीड तासात ते एकदाही आठवलं नव्हतं. सर्व्हर सुरू करायच्या फाइलमध्ये तिने एक ओळ वाढवली. अर्थ एवढाच, की चाळण पाठ करायची नाही, दर वेळी वाचायची.

या खेपेला चिमटीने तपासायचं नाही एवढी अक्कल आली होती. बयाबाई देवळातून परात भरून भंडारा घेऊन आली. देवाचाच हाय, देवाच्याच कामाला लागतोय, म्हणाली आणि निशाणापाशी उभी राहून तिने साठीच्या वयात असा काही हात चालवला की खालून जेवून येणारे लोक बारी सुटली समजून धावले. दहा हजार झाले, वीस हजार झाले. तेजस्विनी पडद्यावरचा आकडा बघत होती आणि डोक्यापासून पायापर्यंत पिवळी होत होती. आकडा एक लाखाच्या वर गेला. सर्व्हर जिवंत होता. बोर्डावरचा आकडा पूर्वीपेक्षा एक श्वासभर उशिरा उमटत होता, एवढाच काय तो फरक. ती हसायला लागली आणि तिला थांबता येईना. तिने बयाबाईला मिठी मारली, आणि दोघींच्या अंगावरचा भंडारा उडून तोही यंत्राने इमानाने चाळला.

परत मांडवात येऊन तिने तात्यांना विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं. तात्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीची घडी काढली. तिच्यात एक चिठ्ठी होती. घडीवर झिजलेली, शाई फिकट झालेली, पण आकडा स्वच्छ होता. अकरा बावीस.

"म्या बी पाठच म्हणलो व्हतो," तात्या म्हणाले.

मग ते खाली बघत बोलत राहिले. त्या दिवशी सकाळपासून सत्तर गाडे पळाले होते आणि सगळे बाराच्या घरातले. बारा दहा, बारा चाळीस, बारा साठ. दिवसभर बारा म्हणून म्हणून जिभेला बाराच बसलं. चिठ्ठी हातात होती, नजर घाटात होती, आणि तोंड आपलं आपण बोललं. चिठ्ठी त्यांनी सवयीने खिशात टाकली. भांडणात ती त्यांना आठवलीच नाही. दुसऱ्या दिवशी बयाबाईने धुवायला बंडी काढली तेव्हा ती निघाली. तेव्हाच जाऊन सांगायचं होतं. आज नको उद्या, यात्रेच्या गडबडीत नको, सणाला नको, असं करता करता वर्ष गेलं, आणि वर्ष गेल्यावर तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. तेव्हापासून बयाबाई शेजारी उभी राहायची. नजर काही गेलेली नव्हती.

तेजस्विनीला राग आला. चांगलाच आला. चार भाऊबिजा, आईचं एकटीने एसटीने जाणं, देव्हाऱ्यातली पत्रिका, आणि हा कागद सगळा वेळ या माणसाच्या खिशात होता. ती काहीतरी कडू बोलणार होती. पण याच माणसाने आत्ता थोड्या वेळापूर्वी तिचं घड्याळ वाचवलं होतं. तिने चिठ्ठी परत त्यांच्या हातात दिली. आता काय करणार, एवढंच विचारलं.

"मायकावर चुकलो," तात्या म्हणाले. "मायकावरच फेडीन."

नैवेद्य झाला. त्रेसष्टावी बारी पुकारली. मामाने बोर्ड चालू असल्याचं बघून मगच बैल उतरवले. खालून इशारा झाला, घोडी पुढे निघाली, मागे चार बैल अंग चोरून असे सुटले की घाटाची माती वर आली. निरगुडसरची मंडळी होती ती गप्प थोडीच बसणार. भंडाऱ्याचा असा पडदा उभा राहिला की तेजस्विनीला पलीकडचं झाड दिसेना. बैल निशाणावरून गेले. बोर्ड श्वासभर रिकामा राहिला. तेवढ्या श्वासात तिने खंडोबाला, विघ्नहराला आणि थंड देशातल्या त्या माणसाला हात जोडले. मग आकडा उमटला, अकरा चाळीस. मामाने तो दुरून वाचला, ओठांतल्या ओठांत पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाला, "बराबर हाय."

पहिला नंबर जुन्नरकडच्या एका गाड्याचा आला, मामाचा तिसरा. शहाण्णव बाऱ्या झाल्या आणि एकाही सेकंदावरून भांडण झालं नाही. खडकमाळकरांना थोडं चुकल्याचुकल्यासारखंच वाटलं.

ऊन उतरलं होतं. बक्षिसं द्यायला मंडळी मांडवापाशी जमली तेव्हा तात्यांनी मायक घेतला, पण कुणाचं नाव पुकारलं नाही. आपल्याला एक जुनी वेळ पुकारायची आहे म्हणाले. चार वर्षांपूर्वीची फायनल, गाडा दाजी-मेव्हण्यांचा, असं म्हणताच घाटातला गलका कमी कमी होत पार थांबला. तात्यांनी चिठ्ठी उलगडली. बयाबाई शेजारी होतीच. ती हळूच म्हणाली, वाचून बोला. तात्यांनी आकड्यावर बोट ठेवलं आणि वाचलं, अकरा बावीस. मग म्हणाले की चिठ्ठी बरोबर होती, तोंड चुकलं होतं, आणि सावळेराम खरा होता.

 मामा आपल्या बैलांच्या मानेवर हात ठेवून उभा होता. तो तात्यांकडे बघत नव्हता. मांडवाच्या खांबाला धरून उभे असलेल्या गेणभाऊंकडे बघत होता. तेजस्विनीने बापाला इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं. गेणभाऊ पुढे आले. मायक त्यांनी उलटा धरला होता, तो तात्यांनी सुलटा करून दिला.

"चार गावांपुढं म्या सावळेरामला खोटा म्हणलो," गेणभाऊ म्हणाले. "चार गावांपुढंच सांगतो. त्यो खरं बोलला व्हता. म्या माझ्या मेव्हण्याचं ऐकाय पायजे व्हतं."

एवढं बोलून त्यांना पुढे काय करावं ते कळेना. मायक हातात तसाच, आणि मायकातून त्यांचा श्वास सगळ्या घाटाला ऐकू येत होता. हे सगळं वाटेवरच्या कर्ण्यातून गेणभाऊंच्या घरापर्यंतही ऐकू गेलं असणार, कारण तेवढ्यात गर्दीतून वाट काढत मंगल आली. हातांना पुरणपोळीची कणीक तशीच, पदर खोचलेला, आणि कणकेच्या दोन बोटांत पत्रिका. चुलीवरचा तवा तरी उतरवलास का, असं शेजारणीने विचारलं, तर तिने ऐकलंच नाही. ती थेट नवऱ्यापाशी गेली. पत्रिका गेणभाऊंच्या हातात ठेवली आणि बाजूला उभी राहून रडायला लागली, उघड उघड, तोंड न झाकता.

गेणभाऊ मामापाशी गेले आणि दोन्ही हातांनी पत्रिका पुढे केली. मामाने ती लगेच घेतली नाही. आधी हात धोतराला पुसले. मग घेतली, उलटसुलट बघितली आणि विचारलं की मुहूर्त कधीचा आहे.

तेजस्विनी महिनाभर सगळ्या जगाला हेच सांगत होती. ती पुढे होऊन एका दमात म्हणाली, "वीस तारखेला दुपारी बारा पस्तीस."

मामाने पत्रिका तिच्या हातात दिली. त्याच्या मिशीच्या कडेला पहिल्यांदा काहीतरी हललं. "पाठ म्हणलेलं आता म्या आयकत न्हाई," तो म्हणाला. "वाचून सांग."

घाट हसला. चार गावं हसली, तात्या डोळे पुसत हसले आणि कुणीतरी उरलेलं भंडाऱ्याचं पोतं सगळ्यांच्या डोक्यावर रिकामं केलं. वरचा किरण त्या भंडाऱ्याने हजारदा तुटला असेल. बोर्ड गप्पच राहिला, कारण चाळणीने नीट वाचून ठरवलं होतं की यात बैल नाही.

तेजस्विनीने पत्रिकेवरचा भंडारा झटकला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. श्री विघ्नहर प्रसन्न. मग कुलदैवत, मग वधूचं नाव, मग वराचं, मग आई-वडिलांचं. एकेका शब्दावर बोट ठेवत ती खाली आली. पुढची ओळ होती, वधूचे मामा, श्री. सावळेराम, निरगुडसर. छापून महिना झाला होता. छापताना कुणी कुणाला विचारलं नव्हतं आणि ते नाव गाळायचं गेणभाऊंच्याही मनात आलं नव्हतं.

मुहूर्ताची ओळ अजून खाली होती. मामाने तिच्या बोटावर आपलं बोट ठेवून ते तिथेच थांबवलं.

"ही वळ पुन्यांदा वाच," तो म्हणाला.

तिने पुन्हा वाचली.